लिंडक्विस्टसाहेबांचा सत्कार

अकोला जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या दिगंबरराव गावंड्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. सभेत काही ठरत नसतं. सभेत नुसते हात वर होतात. ठरायचं ते आधीच, कुणाच्या तरी ओसरीवर, चहाच्या कपावर ठरून गेलेलं असतं. उगाच नाही, सारी नोकरी त्यांनी सभापतींच्या खुर्चीमागे बसून इतिवृत्त लिहिण्यात काढली होती. कुठल्या मेंबराचा हात कुणाकडे बघून वर जातो, कोण नेमका सभेच्याच दिवशी आजारी पडतो, कोणाला नुसतं घरी जाऊन भेटलं की तो विरघळतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र माणूस धुतल्या तांदळासारखा. कंत्राटदाराच्या चहालाही कधी शिवले नाहीत. खात्यात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची आणि त्यांना ती मनातून आवडायची.

असा हा अनुभवी गृहस्थ ब्याऐंशी साली बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात आला. मुलगा संजीव एकुलता एक. नोकरी सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या कंपनीत, घर तिथून अर्ध्या तासावरच्या एका लहानशा गावात. सून सुमेधा बँकेत. नात रुपाली इथेच जन्मलेली, दहा वर्षांची. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत, आणि तेही तोंडात च्युइंगम ठेवून.

आता कमलाबाईंचं सांगायचं तर त्यांना अकोल्यात बोलायला निमित्त लागत नसे. भाजीवाला, पोस्टमन, नळाला पाणी आलं का विचारायला आलेली शेजारीण, सगळ्यांशी त्यांचं चालू. दुपारी जरा पडाव्यात म्हटलं तरी खिडकीतून कुणीतरी दिसायचं आणि बाई उठून बसायच्या. दिगंबरराव वैतागायचे. म्हणायचे, अगं, देवाने तुला तोंड दिलंय तसे दोन कानही दिलेत.

आणि अशी बाई आणून टाकली कुठे, तर जिथे सकाळी आठ वाजले की सगळी गल्ली ओस. घरंच घरं, हिरवीगार गवतं, आणि माणूस म्हणून औषधाला दिसायचा नाही. फोन वाजला की बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या, उचलायच्या नाहीत. दुकानात, डॉक्टरकडे, सगळीकडे त्यांच्या वतीने दिगंबरराव बोलायचे. त्यांचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं, वर खात्यात घासून पक्कं झालेलं. डॉक्टरने बाईंना विचारावं, कुठे दुखतंय, आणि उत्तर दिगंबररावांनी द्यावं. तेही असं ऐटीत, की जणू कंबर त्यांचीच दुखतेय.

नव्याच्या नवलाईत काही महिने गेले. मग एके दिवशी संध्याकाळी दिगंबररावांच्या लक्षात आलं, सकाळपासून बायको एक अक्षर बोललेली नाही. रुसवा नव्हता, आजार नव्हता. चहा दिला, जेवायला वाढलं, कपड्यांच्या घड्या केल्या. विचारलं तर म्हणाली, "काय बोलू? काही झालंच नाही आज." दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. इतकी वर्षं ज्या बडबडीला दिगंबरराव कंटाळले होते ती थांबल्यावर त्यांना घर खायला उठलं. संजीवला सांगितलं तर तो म्हणाला, बाबा, आई अॅडजस्ट होतेय, टाइम लागतो.

सुटका केली सुमेधाने. तिने कुठूनसं शोधून काढलं की इथल्या कम्युनिटी कॉलेजचा इंग्रजीचा वर्ग जवळच भरतो. मुलं कमी झाली म्हणून बंद पडलेली एक प्राथमिक शाळा होती, तिच्या दोन खोल्या कॉलेजने घेतल्या होत्या. सगळे त्याला सेंटर म्हणायचे. फी नाही, परीक्षा नाही, आणि घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. पहिल्या दिवशी दिगंबरराव बायकोला पोचवायला गेले आणि तिच्या शेजारी बाकावर बसूनच राहिले. शिकवणारी मिस डोलन तरुण होती पण खमकी. तिने गोड हसून त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

वर्ग कसला, जगातल्या सगळ्या मुक्या झालेल्या बायका तिथे गोळा झालेल्या. कुणी मेक्सिकोची, कुणी इराणची. कमलाबाईंच्या शेजारी बसायची मिसेस ट्रान, व्हिएतनाममधून बोटीतून जीव वाचवून आलेली. दोघींमध्ये समान असं काही म्हणजे काही नाही; होतं ते मिस डोलनने शिकवलेलं इंग्रजी, आणि तेवढ्यावर त्या दोघी तासन्‌तास बोलायच्या. मेथी, पुदिना, सुना, गुडघे. एकमेकींच्या चुका दोघींनाही कळत नसल्यामुळे गाडी कुठे अडायची नाही.

आणि एकदा काय झालं, रुपाली टेबलाशी बसून दूध पीत होती आणि कमलाबाईंनी तिला इंग्रजीत एक गोष्ट सांगायला घेतली. त्यांच्या लग्नात वरात दारात आली असताना माकडाने नवऱ्यामुलाची टोपी पळवली आणि छपरावर बसून ती स्वतः घातली, ही. शब्द अडले तिथे बाईंनी हातवारे केले, माकड स्वतः करून दाखवलं. रुपाली हसता हसता खुर्चीवरून खाली. मग धावत आजोबांकडे आली आणि विचारू लागली, खरंच का तुमची टोपी माकडाने नेली? दिगंबरराव म्हणाले, नेली, आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त शोभत होती. त्या दिवसापासून आजी-नातीचं जे सूत जमलं ते जमलंच. कमलाबाई मराठीतही पुन्हा बोलायला लागल्या. दिगंबररावांना वाटलं, आपली बायको आपल्याला परत मिळाली. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी ते अंगणात उगाचच बराच वेळ पाणी घालत राहिले.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये मिस डोलनने वर्गात बातमी सांगितली. कॉलेजकडे पैसे कमी पडताहेत. नव्या शैक्षणिक वर्षापासून सेंटर बंद करून सगळे वर्ग मोठ्या कॅम्पसवर न्यायचा प्रस्ताव आहे. कॅम्पस डोंगराच्या बाजूला, दोन बस बदलून जायचं, आणि दुसरी बस तासाभराने एक. गाडी चालवणारी एकही बाई वर्गात नव्हती. म्हणजे वर्ग नेणं आणि वर्ग बुडवणं एकच.

कॉलेजचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे. नव्या शैक्षणिक वर्षाची त्यांची पहिली सभा महिनाअखेरीला होती, तिथे फैसला. एक बाई ठराव आणणार होत्या की सेंटर आणखी वर्षभर चालू ठेवावं. त्यांच्या बाजूने आणखी एक सभासद. विरोधात दोघे. पाचवे मिस्टर लिंडक्विस्ट, पूर्वी गावात औषधांचं दुकान चालवायचे. मिस डोलन म्हणाली, ते सज्जन आहेत, त्यांचं मन आपल्याकडे झुकतंय असं वाटतं, पण शब्द कुणाला देत नाहीत. तुम्ही सगळ्या सभेला या. दारात कार्ड भरून दिलं की प्रत्येकीला तीन मिनिटं मिळतील. मनापासून बोला.

कमलाबाई घरी आल्या त्या हे ठरवूनच, की बोलायचं. रोज संध्याकाळी त्या आणि रुपाली खोलीचं दार लावून बसायच्या. आतून आवाज यायचे, मध्येच हसणं, मध्येच रुपालीचं मास्तरणीसारखं दटावणं. दिगंबररावांना आत प्रवेश नव्हता. पण दाराला कान लावायला कोण अडवतं? एवढंच कानावर आलं: या वर्गाच्या आधी मी या देशात कुणालाच हॅलो म्हटलं नव्हतं. ते वाक्य बाई पुन्हा पुन्हा घोकत होत्या आणि दर वेळी त्यांचा आवाज त्याच ठिकाणी कापरा व्हायचा.

दिगंबरराव दारापासून हलले ते डोक्यात चक्रं फिरवतच. आता सांगा बाप्पा, असल्या भाषणांनी कुठे ठराव पास होत असतात? घोडं अडलंय लिंडक्विस्टपाशी. मग लिंडक्विस्टला भेटलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट त्या डोलन पोरीला कळू नये! वर मनात दुसरंही एक होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कमला तिथे माइकसमोर उभी राहील, अडखळेल, लोक हसतील, ही धास्ती त्यांना होती. तिच्यासाठी होती, आणि थोडी स्वतःसाठीही.

फोनच्या पुस्तकात नाव सापडलं, पत्ता सापडला. घर वीसेक मिनिटांच्या चालीवर. रविवारी सकाळी दिगंबररावांनी कोट चढवला. रिकाम्या हाताने मोठ्या माणसाच्या दारात जायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि नव्या शैक्षणिक वर्षाचा मुहूर्त. अकोल्यात अशा वेळी मंडळाच्या सभासदाचा सत्कार झाला नसता तरच नवल. शाल आणि श्रीफळ. श्रीफळ सुपरमार्केटमध्ये मिळालं, हलवून पाहिलं तर पाणी नव्हतं, पण चालून गेलं. शालीचा मात्र प्रश्न होता. तो त्यांनी ट्रंक उघडून सोडवला. रिटायर झाले तेव्हा खात्याने त्यांच्या खांद्यावर घातलेली शाल डांबरगोळ्यांच्या वासात तशीच घडी करून ठेवलेली होती. एकदाही वापरली नव्हती. त्यांनी ती क्षणभर हातात धरली आणि पिशवीत घातली. देऊन टाकायची वस्तू जिवाला लागणारी असली तरच ती द्यायला अर्थ, असं काहीतरी त्यांना वाटलं. वर बेसनाचे लाडू. कमलाबाईंनी घरासाठी केले होते. पार्कात भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याला नेतो असं सांगून डबाभर घेतले.

लिंडक्विस्टसाहेब अर्ध्या चड्डीत गाडी धूत होते. उंच, वाकलेले, डोळे निळे आणि जरा गोंधळलेले. दिगंबररावांनी नमस्कार केला, मी सेंटरच्या वर्गाच्या वतीने आलोय म्हणाले आणि ते पुढे काही विचारायच्या आत त्यांच्या ओल्या खांद्यांवर शाल घातली. हातात नारळ दिला. मग तिथेच, त्या साबणाच्या पाण्यात उभं राहून, नव्या शैक्षणिक वर्षाच्या शुभारंभप्रसंगी मंडळाच्या आदरणीय सभासदांना दीर्घायुरारोग्य चिंतणारं छोटंसं इंग्रजी भाषण केलं. साहेबांची बायको आवाज ऐकून बाहेर आली आणि टाळ्या वाजवायला लागली. तिला वाटलं, काहीतरी सण असावा.

साहेब म्हणाले, हे फारच झालं, मला हे घेता यायचं नाही. दिगंबरराव हसले. पहिल्यांदा नको म्हणतो तो घरंदाज माणूस, हे त्यांनी पाहिलेलं होतं. दुसऱ्यांदा साहेबांनी शाल काढून पुढे केली. दिगंबररावांनी ती पुन्हा खांद्यावर घातली आणि म्हणाले, आमच्याकडे असं परत करत नाहीत, मनाला लागतं. तिसऱ्यांदा साहेबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने डोळ्यांनी सांगितलं, असू दे, म्हातारा एवढा चालत आलाय. साहेबांनी शाल खांद्यावर राहू दिली. आग्रह फळाला आला. मग दिगंबररावांनी अगदी सहज, निघता निघता, सेंटरचा विषय काढला.

लिंडक्विस्टसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, याबद्दल मला तुमच्याशी इथे असं बोलता येणार नाही.

बास. दिगंबररावांना आणखी काय हवं होतं? कसलेला मेंबर तोंडाने हो कधीच म्हणत नाही. ते परत फिरले ते जवळजवळ तरंगतच. वाटेत त्यांना आपल्या सभापतींची आठवण झाली, आणि आपण काम करून घ्यायला शिकलो ते अगदीच वाया गेलं नाही याचा अभिमान वाटला. घरी बायकोला काही सांगितलं नाही. ठराव पास झाल्यावर सांगू असं ठरवलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असेल.

सभेच्या संध्याकाळी संजीवने दोघांना कॅम्पसवर सोडलं आणि रुपालीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला; येताना आम्ही दोघं तुम्हाला न्यायला येतो म्हणाला. आजी गाडीतून उतरताना रुपालीने तिच्या गालाचा पापा घेतला. कमलाबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. दारात त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड भरून दिलं. अक्षर चांगलं ठसठशीत होतं.

सभागृह मोठं, थंडगार. समोर अर्धगोल टेबलामागे पाच जण, प्रत्येकापुढे नावाची पाटी. आधी झेंड्यापुढे सगळे छातीवर हात ठेवून उभे राहिले; दिगंबरराव हात सरळ सोडून सावधानमध्ये. मग नव्या वर्षाचं स्वागत. नव्या प्राध्यापकांना एकेक करून उभं केलं, टाळ्या झाल्या, मागे टेबलावर केक होता. सगळे आनंदात. दिगंबररावांना हे सगळं ओळखीचं वाटत होतं, त्यामुळे ते ऐसपैस टेकून बसले. लिंडक्विस्टसाहेब मात्र मान खाली घालून बसले होते. सभेत असंच बसायचं असतं, दिगंबररावांनी मनात म्हटलं, शाबास.

सेंटरचा विषय आला. कार्डांप्रमाणे नावं पुकारायला सुरुवात झाली. मिसेस ट्रान उभी राहिली आणि बोलली. फार थोडं बोलली आणि सभागृहात लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षीणबाईंनी कमला गावंडे असं नाव पुकारलं, बरंचसं बरोबर.

कमलाबाईंनी पदर सारखा केला. ओठ हलत होते. त्या उठणार तेवढ्यात दिगंबररावांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "काम झालंय. तू कशाला त्रास करून घेतेस?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. दिगंबररावांनी मग स्वतःच हात वर केला आणि खणखणीत इंग्रजीत सांगितलं, नॉट नेसेसरी, मॅडम, थँक यू. अध्यक्षीणबाईंनी मान डोलावून कार्ड बाजूला ठेवलं. पुढचं नाव पुकारलं. कमलाबाई बसून राहिल्या. एवढ्या वर्षांची सवय. काम झालंय म्हणाले म्हणजे झालं असेल.

बोलणारे संपले. ठराव मांडला गेला, अनुमोदन मिळालं. मतं घ्यायच्या आधी लिंडक्विस्टसाहेबांनी बोलायची परवानगी मागितली. त्यांनी खालून एक ब्राउन पेपरची पिशवी वर घेतली आणि तिच्यातून शाल बाहेर काढली. घडी नीट केलेली. शेजारी नारळ ठेवला. लोकांना काही कळेना, एकदोघे हसले.

कमलाबाईंनी शाल ओळखली. खात्याच्या समारंभात पहिल्या रांगेत बसून त्यांनी ती नवऱ्याच्या खांद्यावर चढताना पाहिली होती. त्यांनी वळून दिगंबररावांकडे पाहिलं.

साहेब सावकाश बोलत होते. रविवारी एक सद्‌गृहस्थ माझ्या घरी आले आणि त्यांनी हे मला दिलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. त्यांचं नाव माझ्या लक्षात राहिलं नाही, नाहीतर मी स्वतः नेऊन दिलं असतं. मिठाईही होती, ती माझ्या नातवंडांनी खाल्ली, ती मला परत करता येत नाही. तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी आपल्यातल्या एकाने ठेकेदाराच्या खर्चाने सुट्टी काढली, तेव्हा याच खुर्चीवरून मी म्हणालो होतो की ज्याच्या कामावर मत द्यायचं त्याच्याकडून कुणी सुतळीचा तोडासुद्धा घेऊ नये. घेतला, तर मत देऊ नये.

ते थांबले. चष्मा काढून पुसला.

"मी या ठरावाच्या बाजूने मत देणार होतो," ते म्हणाले. "महिनाभर आधीच ठरवलं होतं. आज मला ते देता येत नाही."

ठराव आणणाऱ्या बाईंनी त्यांची विनवणी केली. कॉलेजचा वकील म्हणाला, एवढ्याशा भेटीने कायदा आड येत नाही, निर्णय तुमचा. लिंडक्विस्टसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. एवढा सरळ माणूस दिगंबररावांनी एकच पाहिला होता, आणि तो रोज दाढी करताना आरशात दिसायचा. ज्या हट्टाचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता, तोच समोर बसून त्यांचं वाटोळं करत होता. उठून सांगावं, माझी चूक आहे, हवं तर मला हाकलून द्या पण मत द्या. त्यांनी खुर्चीचे हात धरले. उठता आलं नाही.

दोन बाजूने, दोन विरोधात, एक तटस्थ. अध्यक्षीणबाईंनी सांगितलं, ठराव नामंजूर.

तेव्हा कमलाबाई उभ्या राहिल्या. कुणी पुकारलं नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज. माझं कार्ड आहे. मला बोलायचं आहे."

अध्यक्षीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाई वाईट नव्हती, उलट तिचे डोळे भरले होते. तिने फार हळुवारपणे, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, या विषयावर बोलण्याची वेळ संपली आहे, मतदान झालं आहे, तुम्ही पुढच्या महिन्यातल्या सभेला जरूर या. कमलाबाईंना त्यातला शब्द न्‌ शब्द समजला. वर्गाने तेवढं केलं होतं. "थँक यू," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

मध्यंतर झालं. लोक केककडे गेले. मिस डोलन पाठमोरी उभी राहून नाक पुसत होती. तिची नोकरीही त्या सेंटरवरच होती. पिशवी टेबलाच्या कडेला तशीच. दिगंबरराव खुर्चीतून हलले नाहीत. शेवटी कमलाबाई उठल्या, भर सभागृहातून चालत पुढे गेल्या आणि लिंडक्विस्टसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब उठून उभे राहिले. दोघं काहीतरी बोलले. बाईंनी शाल, नारळ पिशवीत भरला आणि परत आल्या.

"काय म्हणालीस त्यांना?" दिगंबररावांनी विचारलं.

"म्हटलं, लाडवांचं वाईट वाटून घेऊ नका, ते खायलाच असतात. चला, संजीव आला असेल."

एवढंच. एक शब्द जास्त नाही. दिगंबररावांना वाटलं, हिने बोलावं. चारचौघांत फाडफाड बोलावं, म्हणावं, कुणी सांगितले होते हे उपद्‌व्याप. पार्किंगपर्यंत ते तिच्या मागे अर्धं पाऊल ठेवून चालत होते आणि तेवढंच मागत होते मनात. ती बोलली नाही.

गाडीत दिगंबरराव पुढे संजीवच्या शेजारी बसले, कमलाबाई मागे नातीजवळ. रुपालीचे केस ओले होते. संजीवने विचारलं, काय झालं. कमलाबाई म्हणाल्या, नाही झालं रे, एका मताने गेलं. संजीव म्हणाला, अरेरे, बजेट टाइट आहे सगळीकडे, बघू काहीतरी. पण रुपालीला बजेटशी काय करायचं होतं? तिने इंग्रजीत विचारलं, आजी, तुझं भाषण? कसं झालं? ते हॅलोचं वाक्य आलं ना?

दिगंबररावांना वाटलं, आता सांगेल. सांगावंच तिने, पोरीला खरं कळावं.

"मी बोललेच नाही, राजा," कमलाबाई इंग्रजीत म्हणाल्या. एकही शब्द अडला नाही. "त्यांनी माझं नाव पुकारलं, आणि मला भीती वाटली. मी सगळं विसरले."

एवढे दिवस दार लावून घेतलेली मेहनत रुपालीचीही होती. मग तिने आजीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मोठ्या माणसासारखी समजूत घातली. म्हणाली, इट्स ओके आजी, पण मग तू आजोबांना का नाही सांगितलंस? ते बोलले असते तुझ्यासाठी. ते कुणाला घाबरत नाहीत.

"हो," कमलाबाई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

दिगंबररावांनी मागे वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मराठीत म्हणावं की इंग्रजीत, तेही त्यांना सुचेना. आरशात बायको दिसत होती, खिडकीतून बाहेर बघत. गाडी सेंटरवरून गेली, तिथे अंधार होता. त्यांनी तोंड मिटलं आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. घर येईपर्यंत गाडीत रुपालीशिवाय कुणीच बोललं नाही.